भुकेची पैदास

ब्रॉयलरच्या पिल्लापुढचं खाद्य कधी संपू द्यायचं नाही, हा पोल्ट्रीतला पहिला धडा. त्याच पिल्लाची आई मात्र मोजक्या ग्रॅमवर वाढवलेली असते. हे मोजमाप कसं चालतं, ते पुणे जिल्ह्यातल्या एका ब्रीडर फार्मवर मी जवळून पाहिलं.

पोटॅशच्या पाण्यात बूट बुडवून, फार्मचेच कपडे घालून आत गेले तेव्हा शेडमध्ये अंधार होता. अंधारातच साखळी फिरते आणि लांबलचक पन्हळीत फीड पसरत जातं. पन्हळ टोकापर्यंत भरली की दिवे लागतात. त्यामुळे सगळ्या माद्यांना एकदमच खायला मिळतं. दांडगीनं दुबळीचा वाटा पळवायचा प्रश्न येत नाही. दिवे लागले आणि पत्र्यावर वळवाची सर कोसळावी तसा चोचींचा आवाज सुरू झाला. थोड्याच वेळात पन्हळीचा तळ दिसला. माद्या तरीही रिकाम्या पत्र्यावर टोचत राहिल्या, मग तूस उकरू लागल्या, मग पाण्याकडे वळल्या. पाण्यालाही वेळ बांधलेली असते, कारण भुकेली कोंबडी पाणीच पीत सुटते आणि खालचं तूस ओलं होतं.

नंतर वजनं झाली. जाळी लावून काही माद्या अडवल्या आणि एकेक काट्याला टांगून आकडे वहीत उतरवले. ते वयाच्या तक्त्याशी ताडूनच पुढच्या आठवड्याचं फीड ठरतं. कामावरच्या मावशींनी एका मादीच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. ‘‘हिला मिळालंय. ही दुसरी बघा, रिकामीच.’’ ती दुसरी वेगळ्या कप्प्यात गेली.

पोटभर का देत नाही, असं मी विचारलं. सुपरवायझर म्हणाले, ‘‘ताई, दिलं तर या थांबतच नाहीत. चरबी धरतात, पाय जातात, अंडी बिघडतात.’’ वाढीच्या वयात या माद्यांना मिळतं ते त्यांनी मनसोक्त खाल्लं असतं त्याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा.

ही भूक रक्तातूनच येते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांना एकच खाद्य देऊन वाढवलं. छप्पन्नाव्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच होतं, फरक वाणाचा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक इथं पॉल सीगल यांनी १९५७ पासून एकाच कळपातून दोन वंश काढले, एक जड पक्ष्यांचा, दुसरा हलक्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली तशी त्यांच्या वजनातली तफावत दसपटीच्या वर गेली. जड वंशाचं खाणं आवरावं लागतं. हलक्या वंशातली काही पिल्लं तर समोर दाणा असून खात नाहीत आणि मरतात.

यामागे एकच जनुक नाही. थोडा थोडा परिणाम करणारी अनेक आहेत. त्यातलं एक स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. खाल्ल्यावर आतड्यातून ‘पुरे’ असा निरोप नेणारं एक संप्रेरक असतं. तो निरोप स्वीकारणारं प्रथिन जोमानं वाढणाऱ्या कोंबड्यांत कमी तयार होतं. डुकरांतही मेंदूतल्या तृप्तीच्या संदेशाशी जोडलेल्या एका जनुकात बदल सापडला आहे. तो असलेली डुकरं जास्त खातात, भराभर वाढतात आणि चरबीही जास्त धरतात.

आपण निवडली वाढ, आणि तिच्यासोबत तृप्तीचा अभाव पिढी दर पिढी पुढे गेला. पिल्लाची भूक आठवड्यांत कमाई होते. आईला तीच भूक महिनोन्‌महिने सोसावी लागते.

सावकाश वाढणारे वाण आहेत, आणि त्यांच्या आयांच्या खाण्याला इतकी कात्री लावावी लागत नाही. पण पिल्लं जास्त दिवस सांभाळायची म्हणजे खाद्य जास्त लागतं आणि मांस महागतं. तो खर्च बाजारभावात लगेच दिसतो, मादीची उपासमार कुठल्याच भावात दिसत नाही. म्हणूनच पुढच्या पिढीचे पक्षी निवडताना वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: या वाणाच्या आईला किती उपाशी ठेवावं लागतं? तो आकडा कमी करणं हेही पैदाशीचंच काम आहे, आणि ज्या शास्त्रानं ही भूक वाढवली त्याला ते नक्की जमेल.