औषधाच्या बाटलीवर सगळ्यात मोठं नाव कोणाचं?

ऐकता ऐकता एक काम करा. घरात आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा असेल, तर त्यातली एक स्ट्रिप हातात घ्या आणि टॉर्च न लावता एक्स्पायरी वाचून दाखवा. अवघड आहे ना? चकचकीत फॉइल, मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. आणि मेडिकलवाल्याने चारच गोळ्या कापून दिल्या असतील, तर तारखेचा तुकडा बहुतेक दुकानातच राहिलाय.

घरी यावर आपण काय म्हणतो? "आजी, किती वेळा सांगितलं, नीट बघून घेत जा!" मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे अॅपमध्ये बरेच लोक चुकीचं बटण दाबायला लागले, की बटण बदलतात, लोकांना रागवत नाहीत. औषधाचं वेष्टन हीसुद्धा एक स्क्रीनच आहे. फक्त इथे चुकीला 'अनडू' नाही.

२००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेबलवर लिहिलं होतं, 'दोन गोळ्या, दिवसातून दोनदा'. वाचनाची फारशी सवय नसलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना विचारलं, दिवसभरात किती गोळ्या घ्याल, मोजून दाखवा. बरोबर चार गोळ्या दाखवल्या फक्त ३५ टक्क्यांनी. म्हणजे वाक्य वाचता आलं, पण गुणाकार लेबलने रुग्णावर ढकलला होता. तिथे 'सकाळी २, रात्री २' लिहिलं की हिशेबच उरत नाही.

आता बाटलीकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये डेबोरा अॅडलर नावाची ग्राफिक डिझाइनची विद्यार्थिनी होती. तिच्या आजीने चुकून आजोबांची गोळी घेतली. औषध एकच, डोस वेगळा आणि दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. अमेरिकेतल्या त्या नारिंगी गोल बाटलीवर ठळक काय असायचं? दुकानाचं नाव! औषधाचं नाव बारीक, आणि लेबल गोलाकार असल्यामुळे वाचायला बाटली फिरवत बसायचं. अॅडलरने हा क्रमच उलटा केला. सपाट बाजू, सगळ्यात वर औषधाचं नाव, मग ते कसं घ्यायचं, आणि दुकानाचं नाव खाली. घरातल्या प्रत्येकासाठी बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची रिंग. २००५ मध्ये टार्गेट या दुकान-साखळीने 'क्लिअरआरएक्स' नावाने ही बाटली बाजारात आणली. पुढे टार्गेटने आपली औषध दुकानं सीव्हीएसला विकली आणि ही बाटली बंद झाली. लोकांनी तक्रारी केल्या, बाटली परत मागितली. औषधाच्या रिकाम्या बाटलीसाठी कुणी हळहळलेलं ऐकलंय कधी?

मग सरळ चित्रंच काढली तर? इथे जरा थांबा. चित्र सगळ्यांना कळतं, हा आपला गोड गैरसमज आहे. थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. ब्राझीलमध्ये ते कुष्ठरोगातल्या एका त्रासासाठी दिलं जातं. पाकिटावर गरोदर बाई आणि तिच्यावर फुली असं चित्र होतं. काहींनी त्याचा अर्थ काय लावला? 'ही गोळी घेतली की दिवस जात नाहीत.' म्हणजे बरोब्बर उलटा! म्हणून चित्र छापण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवून विचारायचं असतं, "यातून तुम्हाला काय कळलं?"

आपल्याकडे काय आहे? प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका हे सांगायला २०१६ मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम काढली. स्ट्रिपवर ती उभी रेघ दिसेल. पण रेघ स्वतःहून बोलत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपल्याला कळतो, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो आणि लहानपणीच कुणीतरी सांगितलेलं असतं. लाल रेघेबद्दल आजीला कुणी सांगितलंय का? १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. त्यात बॅच नंबर आणि एक्स्पायरी कळते. पण त्यासाठी स्कॅन करणारा कुणीतरी घरात हवा. तो तुम्ही आहात.

आणि आपल्या डॉक्टरांचं १-०-१? ते मला भारी डिझाइन वाटतं. जागा म्हणजे वेळ: सकाळ, दुपार, रात्र. भाषा लागतच नाही. फक्त त्यात 'आठवड्यातून एकदा'ला जागा नाही. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिथे वाराचं नाव ठसठशीत लिहायलाच हवं.

म्हणून या रविवारी अर्धा तास काढा. प्रत्येक माणसाच्या औषधांना एक रंग द्या. पाकिटावर जाड मार्करने मराठीत लिहा: कशासाठी, कधी, किती. स्ट्रिप कापून आणली असेल, तर मेडिकलवाल्याकडून तारीख विचारून तीही लिहा. मूळ नाव आणि तारीख मात्र झाकू नका. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारा. आणि शेवटी आजीलाच विचारा, "उद्या सकाळी यातलं काय काय घेशील, दाखव बरं." तिने चुकीची गोळी उचलली, तर चिडू नका. लेबल बदला.