ख्रिस्ती किशोरसेवा

ख्रिस्ती किशोरसेवा म्हणजे साधारणपणे ११ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चनी) चालवलेले गटकार्य होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वयोगट बहुधा सहावी ते आठवीच्या ‘मिडल स्कूल’मध्ये शिकतो आणि या कार्याला स्वतंत्र शाखेचे रूप प्रामुख्याने तेथेच आले. लहान मुलांचे संडे स्कूल आणि मोठ्यांचा तरुण संघ यांच्यामधला हा दुवा आहे. गटाचे नेतृत्व बहुधा मंडळीतील स्वयंसेवक करतात. मोठ्या मंडळ्यांत त्यासाठी पगारी युवा पाळक नेमलेला असतो.

इतिहास

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केलेल्या रविवारच्या शाळेत कामकरी मुलांना वाचन शिकवले जाई. पुढे ही पद्धत प्रॉटेस्टंट जगात सर्वत्र पसरली; मात्र तिच्यात मूल हे ऐकणारे आणि पाठ करणारे होते. ही चौकट फ्रान्सिस एडवर्ड क्लार्क या काँग्रिगेशनल पाळकाने मोडली. २ फेब्रुवारी १८८१ रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे त्याने आपल्या मंडळीतील मुलांची ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही संस्था स्थापन केली. तिच्या सभा मुलेच चालवत आणि समित्यांची कामेही तीच करत. प्रत्येक क्रियाशील सभासद दररोज प्रार्थना व बायबलवाचन करण्याचे आणि सभेत स्वतः काहीतरी भाग घेण्याचे लेखी वचन देई. १८८४ साली आयोवा राज्यातील टेबर येथे लहान वयाच्या मुलांसाठी तिची ‘ज्युनियर’ शाखा निघाली. मेथडिस्टांची एपवर्थ लीग (१८८९) व बाप्टिस्टांचा युवक संघ (१८९१) या संस्था याच धर्तीवर उभ्या राहिल्या.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा वेगळा विचार होण्यास मात्र शाळांची रचना कारणीभूत ठरली. ओहायोतील कोलंबस येथे १९०९ साली इंडियानोला ही ज्युनियर हायस्कूल सुरू झाली. १९६३ नंतर विल्यम अलेक्झांडर यांच्या मांडणीतून ‘मिडल स्कूल’ची कल्पना रुजली आणि शाळेपाठोपाठ मंडळ्यांनीही या मुलांचे गट वेगळे केले. १९४१ साली जिम रेबर्न यांनी टेक्सासमध्ये स्थापन केलेल्या ‘यंग लाइफ’ या संस्थेचा रोख हायस्कूलच्या मुलांवर होता. मिडल स्कूलसाठी तिने पुढे ‘वाइल्डलाइफ’ ही शाखा काढली.

वयाचे वेगळेपण

या वयात मूल अमूर्त विचार करू लागते. आठ वर्षांचे मूल नोहाच्या तारवातील प्राणी मोजते. बारा वर्षांचे मूल, जे बुडाले त्यांचा काय दोष होता, असे विचारते. त्याच वेळी शरीर बदलत असते आणि सोबत्यांच्या मताला घरच्यांच्या मताइतकेच वजन येते. एकाच वर्गातील दोन मुलांत उंचीचा हातभर आणि समजेचा दोन वर्षांचा फरक असू शकतो. त्यामुळे केवळ वयानुसार आखलेला पाठ निम्म्या गटाला पोरकट आणि उरलेल्यांना अवघड वाटतो.

ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा डेंटन यांच्या ‘सोल सर्चिंग’ (२००५) या पुस्तकातील निष्कर्ष किशोरसेवेत वारंवार उद्धृत होतात. त्यांचा अभ्यास १३ ते १७ वर्षांच्या अमेरिकन मुलांचा होता. बहुसंख्य मुलांना धर्माविषयी वैर नव्हते, परंतु स्वतःच्या श्रद्धेबद्दल चार वाक्ये नीट सांगता येत नव्हती, असे त्यांना आढळले. मुलांच्या धार्मिक जीवनावर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचा असतो, हाही त्यांचा निष्कर्ष होता. गटाच्या नेत्याने स्वतःला पालकांचा पर्याय समजू नये, या आग्रहामागे हा अभ्यास आहे.

नेतृत्वाची पद्धत

साप्ताहिक सभेत सामान्यतः खेळ, गीते, बायबलमधील एखादा उतारा आणि लहान गटांतील चर्चा असते. खेळ हा वेळ घालवण्याचा भाग नव्हे. दिवसभर बाकावर बसलेली मुले त्यानंतरच ऐकू लागतात. मात्र ज्या खेळात एकाची फजिती हे इतरांचे मनोरंजन असते, तो या वयात विशेष घातक ठरतो, कारण हसणे विसरले जाते आणि फजिती लक्षात राहते.

खरी कसोटी चर्चेत लागते. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो आणि तीन दिवसांनी आईवडिलांना सापडतो. समवयस्क नायकामुळे हा उतारा गटांत नेहमी घेतला जातो. ‘येशू कोठे सापडला?’ या प्रश्नाला एक उत्तर मिळते व चर्चा संपते. ‘त्याने घरी का सांगितले नसेल?’ असे विचारल्यास प्रथम शांतता पसरते. नवखा नेता ती शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर देतो. अनुभवी नेता थांबतो. मुलाने शंका मांडल्यास ती अश्रद्धा न मानणे आणि उत्तर माहीत नसल्यास तसे सांगणे, हे पाठांतरापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

क्लार्कच्या पद्धतीतील दुसरा भाग, म्हणजे मुलांना खरी कामे देणे, आजही तितकाच महत्त्वाचा आहे. वाद्य वाजवणे, नवागताची विचारपूस करणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे ही कामे बारा वर्षांचे मूल करू शकते. परंतु ते चुकल्यावर मोठ्यांनी ती काढून घेतली, तर दिलेली जबाबदारी नाटकी होती हे त्याला लगेच कळते.

त्याच पद्धतीतील वचनाविषयी मात्र सावधगिरी हवी. शिबिराच्या शेवटच्या रात्री, भावपूर्ण गीतांनंतर, सर्वांसमोर निर्णय घेण्याचे आवाहन करण्याची परंपरा अमेरिकेत दृढ आहे. या वयाची मुले शेजारचा हात वर गेला म्हणूनही हात वर करतात. अशा निर्णयाची चर्चा नंतर शांतपणे आणि पालकांना कळवून करणे इष्ट होय.

सुरक्षितता

मुलांशी जवळीक हा या सेवेचा पाया असल्याने तिच्या गैरवापराचा धोकाही मोठा आहे. अमेरिकन कॅथलिक बिशपांनी २००२ साली डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. इतर पंथांतही पूर्वचौकशीचे व प्रशिक्षणाचे नियम आले. कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा वाहनात राहू नये आणि खासगी संदेशांची देवाणघेवाण पालकांपासून लपवू नये, हे त्यांतील किमान नियम होत. भारतात पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण मंडळीतच मिटवण्याची मुभा पाळकालाही नाही.

भारत व महाराष्ट्र

इंडिया संडे स्कूल युनियनची स्थापना १८७६ साली झाली आणि ख्रिश्चन एन्डेव्हरचे जागतिक अधिवेशन १९०९ साली आग्रा येथे भरले. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक चालवले, रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांत संडे स्कूल, मे महिन्याच्या सुटीतील बायबल शाळा आणि तरुण संघ, तर वसईसारख्या कॅथलिक भागात दृढीकरण संस्काराच्या तयारीचे वर्ग हे काम करतात. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचा स्वतंत्र गट मात्र सर्वत्र आढळत नाही. ही मुले लहानांत रमत नाहीत आणि मोठ्यांत बोलत नाहीत.

मिशन शाळांतील वर्ग व मंडळीचा गट यांत कायदेशीर फरक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही.

शहरांतील मराठी मंडळ्यांपुढे भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना ‘उपासना संगीत’मधील गीते चालीमुळे येतात, पण मराठी बायबल वाचताना ती अडखळतात. अशा ठिकाणी नेते उतारा मराठीत मोठ्याने वाचून दाखवतात आणि चर्चा मुले ज्या मिश्र भाषेत बोलतात तीतच होऊ देतात.