दीडशे बिघे आणि एकोणतीस पेट्या

सुमारे १५० बिघे. बंगालात ३ बिघ्यांचा साधारण एक एकर होतो, म्हणजे जवळपास ५० एकर. हुगळीच्या पश्चिम काठावर, हावड्यातल्या घुसुडीला, एवढी जमीन वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने तिबेटच्या पंचेन लामांच्या मठासाठी सोडली. सनदा १७७८ आणि १७८३ सालच्या. जागेचे नाव भोटबागान.

दुसरा आकडा १३० पौंडांचा. १९०७ साली चीनच्या वायव्य टोकाला, तुन्हुआंगच्या मोगाओ लेण्यांतून पुरातत्त्वसंशोधक ऑरेल स्टाइनने हस्तलिखितांच्या २४ आणि चित्रे-वस्त्रांच्या ५ पेट्या हलवल्या, त्याला पडलेली ही किंमत. तेव्हा पौंडाचा भाव १५ रुपये होता. एकूण १,९५० रुपये, म्हणजे पेटीमागे ६७.

एक व्यवहार बौद्ध देवस्थान वसवण्याचा, दुसरा रिकामे करण्याचा. दोन्हींचा धागा कलकत्त्यातून जातो. आणि दोन्ही जागा सांभाळणारी माणसे बौद्ध नव्हती, हे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

पुण्यात बारभाईंची मसलत चालू होती त्या १७७४ साली पंचेन लामांचे पत्र कलकत्त्याला पोचले. ते आणणारा पूरणगीर हा गोसावी. पुण्याच्या गोसावीपुऱ्यामुळे आपल्याला ही मंडळी परकी नाहीत: यात्रा, व्यापार, सावकारी आणि निरोप्याचे काम ती एकाच झोळीतून करत. हेस्टिंग्जने उलट ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉर्ज बोगलला तिबेटात पाठवले. पूर्वजन्मी आपण बंगालात जन्मलो होतो, तेव्हा गंगेच्या काठी एखादे स्थान हवे, असे लामांनी त्याच्यापाशी बोलून दाखवले. त्यातून भोटबागान उभे राहिले. कंपनीच्या डोक्यात धर्मापेक्षा तिबेटमार्गे चीनचा व्यापार होता, हे सांगायला नकोच. तो काही साधला नाही. लामा चिएनलाँग बादशहाच्या भेटीला गेले आणि १७८० साली पेकिंगमध्ये देवीच्या रोगाने वारले. पूरणगीर १७९५ मध्ये मठावर पडलेल्या दरोड्यात मारला गेला.

मठ मात्र चालू राहिला. तारा, महाकाल, संवर, गुह्यसमाज अशा वज्रयानी मूर्ती आणि त्यांची पूजा करणारे शैव महंत. आवारात त्याच महंतांच्या समाध्या. मूर्तींची तांत्रिक नावे पुजाऱ्यांना किती माहीत होती कोण जाणे, पण दिवाबत्ती चुकली नाही. मायकेल मधुसूदन दत्तांचे मित्र गौरदास बसाक यांनी १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या मठावर सविस्तर टिपण लिहिले. शहराच्या ऐन वस्तीतली जागा विद्वानांना अशी ‘सापडली’.

त्याच वर्षी त्याच सोसायटीपुढे भूर्जपत्रांची एक पोथी आली. लेफ्टनंट बॉवर एका व्यापाऱ्याच्या खुन्याच्या मागावर मध्य आशियात हिंडत असताना त्याने ती कुचाजवळ विकत घेतली होती. त्याच भागात किझिलची २३६ लेणी. पोथी संस्कृत, वैद्यकाची, आणि तिची सुरुवात चक्क लसणाच्या गुणांनी होते. ती लावली रुडॉल्फ हर्नले यांनी. तेव्हा ते कलकत्ता मदरशाचे प्राचार्य होते आणि १८९९ मध्ये त्यांच्या जागी आला स्टाइन. वाळूतल्या बौद्ध अवशेषांचा नाद त्याला आधीपासून होताच. कलकत्त्याच्या नोकरीत असतानाच तो पहिल्या मोहिमेवर गेला.

आता मोगाओचे माप. ३६६ साली पहिले लेणे खोदले असे परंपरा सांगते, आणि काम चौदाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार वर्षे चालले. एकूण गुहा ७३५. पैकी ४९२ मध्ये चित्रे वा मूर्ती. बाकीच्या बहुतेक भिक्षूंच्या राहण्याच्या आणि ध्यानाच्या. भित्तिचित्रे ४५,००० चौरस मीटर. आपले अजिंठा ३० लेण्यांचे.

ही लेणी हरवलेली नव्हती. स्टाइन आला त्या साली तिथे वार्षिक जत्रेला हजारो माणसे जमली होती. देखभाल करत होता वांग युआनलू नावाचा ताओपंथी. वर्गणी गोळा करून तो पडझड दुरुस्त करायचा. त्यातच १९०० साली एका भिंतीआड, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बंद केलेली खोली त्याला सापडली. स्टाइनने आतल्या गठ्ठ्यांचा ढीग दहा फूट उंच, सुमारे ५०० घनफूट भरला असे नोंदवले. उरलेल्या जागेत दोन माणसे जेमतेम उभी राहत. त्या ढिगात ८६८ साली छापलेले वज्रच्छेदिका सूत्र होते. वांगला मिळालेली चांदी त्याने मंदिराच्या दुरुस्तीत घातली. त्याने बसवलेल्या भडक मूर्तींना विद्वान हसले. त्याला भोळा म्हणावे की लबाड, यावर अजून वाद आहे. मला तो देवळाच्या खर्चाने बेजार झालेला पुजारी वाटतो.

स्टाइननंतरच्या वर्षी फ्रान्सच्या पॉल पेलिओने ५०० ताएल चांदीत निवडक माल नेला. पेकिंगने उरलेले हलवायचा हुकूम दिला तो १९१० मध्ये. तिथे पोचल्या आठ हजारांवर गुंडाळ्या. स्टाइनच्या १९०७ च्या मोहिमेच्या खर्चात ब्रिटिश म्युझियमचा वाटा दोनपंचमांश होता. तीनपंचमांश खर्च हिंदुस्थान सरकारचा, म्हणजे इथल्या रयतेचा. त्या वाट्यापोटी आलेली चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

सांभाळणारा नसला की काय होते, ते अजिंठ्यात दिसते. चीनच्या शांशी प्रांतात युनकांगची मोठी लेणी ४६० साली सुरू झाली, आणि अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेप्रमाणे अजिंठ्याचा दुसरा बहरही त्याच सुमाराचा. युनकांगमध्ये २५२ गुहा आणि ५१,००० मूर्ती झाल्या. अजिंठ्याचे काम वीसेक वर्षांत थांबले. तिथे ना गोसावी राहिला ना वांग. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी आला तेव्हा तिथे नित्याची पूजाअर्चा नव्हती.

आपल्याकडच्या काही लेण्यांना मात्र असा बिगरबौद्ध वाली मिळाला. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरा बसली आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या ३० बौद्ध लेण्यांपैकी सातव्यात गिरिजात्मज आहे आणि चतुर्थीला रांग लागते. त्या रांगेतल्या भक्ताला आज पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. देवाच्या दर्शनाला पैसे कशाचे, ही तिथली जुनी तक्रार आहे.