पाणी किती तापून परत येतंय?

लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडचं हे दूध शीतकरण केंद्र. मे महिना. संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेत, तरी पत्रा तापलेलाच आहे. टेम्पोतून कॅन उतरताहेत. म्हशीचं दूध, जर्सीचं दूध, मधूनच एखाद्या देवणीचं नाहीतर लाल कंधारीचं. या दोन्ही गायी याच दोन जिल्ह्यांच्या मातीतल्या. सगळं दूध ३३ अंशांवर आत जातंय. प्लेट चिलरमधून, म्हणजे पातळ प्लेटांच्या एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं बर्फाचं पाणी वाहणाऱ्या यंत्रातून, ते ४ अंशांवर बाहेर पडायला हवं, पण काटा ९ वर अडलाय.

९ अंशांचं दूध चाखून कुणी नाव ठेवणार नाही. पण ते तसंच टाकीत साठलं आणि टँकरनं पुढं गेलं, की उकळून बघण्याच्या चाचणीत फाटू शकतं, आणि मग अख्खा टँकर परत. दोन लिटर घालणाऱ्या बाईचं दूधही त्यातच असतं.

तरुण ऑपरेटरनं पाना उचललाय. ‘खोलूच का, मामा?’

मामा म्हणजे नांदेडहून बोलावलेले मिस्तरी. उमेदीची वर्षं त्यांनी उदगीरच्या शासकीय दूध भुकटी प्रकल्पात काढली आहेत. ते पान्याकडे बघतसुद्धा नाहीत. ‘थांब जरा. आधी चारी तोंडांचं टेम्परेचर सांग मला.’

दुधाचे दोन आकडे तयार आहेत. पाण्याचे मात्र कुणी पाहिलेलेच नाहीत. ऑपरेटर थर्मामीटर घेऊन धावतो. बर्फाच्या टाकीतून येणारं पाणी दीड अंश. म्हणजे बर्फ आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे. प्लेटांतून परत जाणारं पाणी १६ अंश.

‘सोळा? मग प्लेटा काम करायल्यात की. पाणीच कमी पडायलंय.’

सगळं निदान या एका वाक्यात आहे. या चिलरला दुधाच्या तिप्पट पाणी लागतं. दूध २९ अंशांनी उतरलं, तर तिप्पट पाणी साधारण १० अंशांनीच चढेल आणि ११-१२ वर परत येईल. इथं दूध २४ अंशांनीच उतरलंय आणि पाणी मात्र साडेचौदा अंशांनी चढलंय. म्हणजे पाण्याचा ओघ जवळपास निम्म्यावर आलाय. प्लेटांवर दुधाची साय-राप बसली असती, तर उलटं दिसलं असतं: दूध गरम राहिलं असतं आणि पाणीही फारसं न तापता तसंच परत गेलं असतं. दोन्ही दोषांत दुधाचा काटा ९ च दाखवतो. फरक कळतो तो पाण्याच्या काट्यावर.

पाण्याच्या वाटेवरची गाळणी उघडतात. जाळीवर गंजाचे पापुद्रे आणि बोटानं ओढता येईल असा काळा गाळ. बोअर आटल्यापासून बर्फाच्या टाकीत टँकरचं पाणी पडतंय. ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं टँकरच्या तळातला गाळ कोण बघत बसणार? तो पाण्याबरोबर इथंवर येतो.

जाळी धुऊन बसवल्यावर दूध ६ वर येतं, पुढं सरकत नाही. आत येणाऱ्या पाण्याचा दाब आता नेहमीपेक्षा जास्त आहे, म्हणजे गाळ प्लेटांतही शिरलाय. बाहेर पंधराएक कॅन उभे आहेत, आता खोलणं शक्यच नाही. मामा दुधाचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळतात. ओघ कमी, काटा ५ वर, मग ४ वर. काम लांबतं, शेवटचा टेम्पोवाला कुरकुरतो, पण दूध वाचतं.

वाट बघताना मामा पुण्यातल्या छोट्या बीअर कारखान्यांबद्दल सांगतात. तिथंही हेच यंत्र, फक्त दुधाच्या जागी वर्ट, म्हणजे सातूच्या माल्टचा उकळलेला गोड रस. तो नव्वदच्या वरून विशीपर्यंत झटपट उतरवायचा असतो, नाहीतर यीस्ट टाकण्याआधीच नको ते जंतू त्यात घर करतात. तिथं तुंबवतो तो हॉप्सचा चोथा. आणि उन्हाळ्यात टाकीचंच पाणी ३२ अंश असेल, तर कितीही प्लेटा वाढवा, रस त्याच्या खाली उतरणार नाही. पुढचा टप्पा बर्फाच्या पाण्यावर किंवा ग्लायकॉलवर घ्यावाच लागतो. मुळात हे यंत्र दुधासाठीच बनलं: इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली ते पाश्चरीकरणासाठी तयार केलं. बीअरवाल्यांनी ते आपलंसं केलं.

दूध संपतं, चिलर धुऊन होतो. नट सैल करण्याआधी मामा टेप लावून प्लेटा आवळून धरणाऱ्या दोन्ही जाड पाट्यांमधलं अंतर मोजतात आणि भिंतीवर खडूनं लिहितात. मग एकेक प्लेट सरकते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा, त्यावर माशाच्या काट्यासारख्या नागमोडी घड्या. दुधाची बाजू लख्ख. पाण्याच्या बाजूला घड्यांच्या खाचांत चिकणमाती थापलेली.

ऑपरेटर फरशी धुवायच्या अॅसिडची बाटली आणतो, तसे मामा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलतात. ‘ठेव ती बाटली! त्यातलं क्लोराइड स्टीलला खातं. बारीक बारीक भोकं पडतात, मग दुधात पाणी जाईल अन् तुला पत्ताही लागणार नाही.’ तारेचा ब्रशही नको. नायलॉनचा ब्रश, साधं पाणी, धीर. प्रत्येक रबर बोटानं चाचपून बघतात. प्लेटा पुन्हा एक सुलट, एक उलट लागतात. कडेनं बघितलं की घड्यांची जाळी सगळीकडे सारखी दिसायला हवी. एक जरी प्लेट चुकली, तर ही जाळी तिथंच मोडते. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, खडूनं लिहिलेलं अंतर चारी कोपऱ्यांत सारखं येईपर्यंत.

मामा हात पुसून रजिस्टर मागवतात. तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दुधाचं तापमान. पाण्याचा रकानाच नाही. तो असता, तर गाळ भरायला लागल्याच्या आठवड्यातच आकडा चढताना दिसला असता.

‘दोन रेघा मार इथं. पाणी आत, पाणी बाहेर. दोन्ही टायमाला लिहायचं. अन् टँकरच्या पाइपाला उद्याच जाळी बांध.’

ऑपरेटर पट्टी शोधायला आत जातो.