पट्टा बेंबीशी थांबतो

त्वचारोगाच्या ओपीडीत काकांनी सदरा काढला, तेव्हा उजव्या कुशीवर गेरूचा जाड लेप होता. डॉक्टरबाईंनी ओल्या कापसानं तो हळूहळू उतरवला. फोड दिसल्याशिवाय त्या काही बोलणार नव्हत्या.

लेपाखाली लालसर कातडीवर पाणी भरलेल्या फोडांचे घोस होते. पाठीच्या कण्यापासून निघालेला पट्टा कुशीवरून पुढं येऊन बेंबीशी थांबला होता. डावीकडं एकही फोड नव्हता. नागिणीचं निम्मं निदान तिथंच झालं.

“काका, फोड यायच्या आधी दुखत होतं?”

“तीन-चार दिवस. मुतखडा म्हणून सोनोग्राफी केली.”

“आणि लहानपणी कांजिण्या?”

“आल्या होत्या म्हणे.”

कांजिण्या वाळतात, पण त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला-झॉस्टर, शरीर सोडत नाही. मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो अनेक दशकं निपचित पडून राहतो. वयानं, आजारानं किंवा एखाद्या औषधानं प्रतिकारशक्ती खालावली, की एका गाठीतून जागा होऊन तिथल्याच मज्जातंतूवरून कातडीकडं येतो. म्हणून आधी वेदना, मग फोड, आणि तेही एकाच अंगाला. बेंबीच्या पातळीची कातडी छातीच्या मज्जातंतूंच्या दहाव्या जोडीच्या वाट्याला येते. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, या भीतीनं काका रात्रभर झोपले नव्हते. बाईंनी त्यांचंच बोट बेंबीवर टेकवलं. “या बाजूची नस इथवरच येते, काका. पलीकडं जायला तिला वाट नाही.”

मग त्झांक चाचणी. १९४७ साली आर्नो त्झांक यांनी मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे, कारण तिला ब्लेड, काचपट्टी आणि रंग एवढंच लागतं. ताज्या फोडाचा पापुद्रा उचलायचा, पाणी टिपायचं, तळ खरवडायचा. हात फार हलका हवा. रक्त आलं तर काचपट्टीवर रक्तपेशींचीच गर्दी होते. खरवड पसरून वाळवली, जीम्सा रंगात ठेवली, धुतली. सूक्ष्मदर्शकात मला एक अवाढव्य पेशी दिसली, तिच्यात अनेक केंद्रकं एकमेकांना दाबून बसलेली. विषाणूनं शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या. ओठांवर उठणाऱ्या हर्पिसमध्येही अशाच पेशी दिसतात. त्यामुळे माझा भरवसा बसला तो बाईंच्या नजरेवर, त्या पट्ट्याच्या आकारावर.

असायक्लोव्हिर, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर फायदा सर्वाधिक. त्यातले दोन दिवस काकांनी लेपाखाली घालवले, याची मला फार हळहळ वाटते. फोड गेल्यावरही काही म्हाताऱ्या माणसांच्या कातडीत महिनोन्‌महिने आग राहते, सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही.

“घरी कोण कोण आहे?”

“सून आहे. तिला दिवस गेलेत.”

बाईंचा आवाज प्रथमच कडक झाला. “तिला कांजिण्या झाल्यात का, आजच विचारा. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तिच्यापासून लांब राहा.” नागिणीच्या फोडांतून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला कांजिण्या होऊ शकतात.

पुढच्या आजींच्या कपाळावर फोड होते आणि एक नाकाच्या शेंड्यावर. तो दिसताच बाईंनी केसपेपर बाजूला सारला, मावशींना हाक मारली आणि आजींना तडक नेत्रविभागात पाठवलं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात.