बांध ओलांडला, पण गुन्हा घडला का?

लेखांक 7

सातबारा म्हणजे दोन वेगळे नमुने एका कागदावर. जमीन कोणाच्या नावावर आहे ते गाव नमुना सात सांगतो, आणि तिच्यात कोणी काय पिकवलं ते बारा. ‘माझ्या जमिनीत शिरला’ म्हणून उरण पोलीस ठाण्यात गेलेला माणूस ठाणे अंमलदारासमोर सात ठेवतो. फौजदारी अतिक्रमणाचा कायदा मात्र आधी विचारतो की त्या दिवशी ताबा कोणाकडे होता. नाव एकाचं आणि भात दुसऱ्याचं, असं असेल तर खुद्द मालकही या कलमात आरोपी होऊ शकतो. हे ऐकून मालकमंडळी चिडतात, पण मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयात होतो. फौजदारी कायदा ज्याच्या हातात जमीन आहे त्याच्या शांततेची राखण करतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या 441, 447 आणि 448 या कलमांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 ने घेतली आहे. त्याआधीच्या घटनेला जुनाच कायदा लागतो. शिक्षा पूर्वीसारखीच, तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडाची कमाल मर्यादा मात्र 500 वरून 5,000 रुपये झाली. शिरकाव राहत्या घरात, देवळात किंवा माल ठेवायच्या इमारतीत असेल तर कैद एक वर्षापर्यंत. करंजा-मोरा बंदरांवरच्या वाचकांसाठी सांगतो, माणसं मुक्काम करतात ती होडीसुद्धा या ‘घरा’त मोडते.

आता मुख्य गोष्ट. नुसतं आत पाऊल टाकणं हा गुन्हा नाही. आत जाताना काही गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू हवा. रीतसर आत गेलेला माणूस तोच हेतू मनात धरून बेकायदा तिथेच ठाण मांडून बसला, तरी कलम लागतं. मग कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या शेतात गेलं की त्याला त्रास होणारच ना? होतो. पण त्रास होईल याची जाण असणं वेगळं आणि त्रास देण्यासाठीच जाणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने माथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं, आणि साठ वर्षांनंतरही बचावाचे वकील त्याच निकालाचा आधार घेतात. त्याआधी 1959 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या कर्मचाऱ्यांनी जागेवर बसून केलेल्या ‘लेखणी बंद’ संपाचं प्रकरण आलं होतं. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. कर्मचाऱ्यांचा हेतू मागण्यांसाठी दबाव आणण्याचा होता, साहेबांना त्रास देण्याचा नव्हे, म्हणून ते फौजदारी अतिक्रमण ठरलं नाही. गोदामांच्या आणि बंदराच्या गेटवर बसणाऱ्या आपल्या कामगारांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

सगळीकडे मात्र हेतूची ढाल चालत नाही. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली. तिचे रूळ ओलांडून पलीकडच्या शेतात जाल, तर रेल्वे कायद्याचं कलम 147 हेतू विचारत बसत नाही. परवानगीशिवाय शिरलात एवढं पुरे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड.

उरणची खरी दुखरी नस वेगळी आहे. 1970 नंतर ठाणे, पनवेल आणि उरणची 95 गावं नवी मुंबईसाठी घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. पण कागदावर संपादन झालेल्या जमिनीवर काम सुरूच झालं नाही, अशी शिवारं राहिलीच. तिथे कुटुंब भात लावत राहिलं. अशा जमिनीचा ताबा कोणाचा? 6 मार्च 2020 रोजी इंदोर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की संपादनाच्या निवाड्यानंतर पंचनामा करून ताबा घेतला की जमीन सरकारची झाली. पुढे तिथे राहणारा अतिक्रमक.

ऐकायला कठोर आहे आणि मला तो निकाल गावाच्या अनुभवापासून फार दूरचा वाटतो. तरीही ‘अतिक्रमक’ ठरणं म्हणजे लगेच गुन्हेगार ठरणं नव्हे. वडिलांच्या काळापासूनची वहिवाट समजून कोणी नांगर घातला, तर प्रामाणिक हक्काचा बचाव त्याला उपलब्ध आहे. नोटीस हातात पडल्यावर, फलक लागल्यावर, कुंपण तोडून तोच नांगर घातला की हा बचाव पातळ होतो आणि वर नुकसानीचं कलम 324 चढतं.

गुन्हा दाखल झालाच तर घाबरून गाव सोडू नका. हा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क, पोलिसांची मेहेरबानी नव्हे. सहसा आधी हजर राहण्याची नोटीस येते, ती टाळू नका. आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. पीकपाण्याच्या नोंदी, घरपट्टी, विजेची बिलं, जुने पंचनामे गोळा करा.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ‘दंड भर आणि मोकळा हो’ या सल्ल्याची. असा खटला समन्स पद्धतीने चालतो. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का? पोरगं रोजंदारी बुडू नये म्हणून ‘हो’ म्हणतं. ती दोषसिद्धी असते. वर्षभराने बंदरातल्या कामाच्या पाससाठी पोलीस पडताळणी निघते तेव्हा दोन-तीन हजारांचा तो दंड किती महाग पडला ते कळतं. त्याऐवजी तडजोड करा. हा गुन्हा आपसात मिटवता येतो आणि मिटवला की त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा होतो. मात्र सही ताबेदाराची लागते. फिर्याद देणाऱ्या चुलत्याकडे ताबाच नसेल, तर त्याच्या सहीला अर्थ नाही. सोबत दुसरी कलमं असतील तर तीही तडजोडीत बसतात का, ते वकिलाकडून तपासून घ्या.

आणखी एक, घटनेची तारीख पाहा. एवढ्या लहान शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यायची असते. उशीर माफ झाला तर गोष्ट वेगळी.

पुढच्या आठवड्यात मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, म्हणजे रस्ता अडवला किंवा ताबा हिसकावला तर तहसीलदाराकडे कसं जायचं. त्याला मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. तेव्हा ज्यांचा बांध गेल्या पावसाळ्यात फोडला गेला, त्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहत बसू नये.