बालअत्याचार प्रतिबंध परिषदा

बालअत्याचार प्रतिबंध परिषदा म्हणजे घरातील हिंसेपासून मुलांचे संरक्षण कसे करावे, या प्रश्नावर डॉक्टर, समाजकार्यकर्ते, पोलीस, वकील, न्यायाधीश आणि मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन भरवलेली व्यावसायिक संमेलने होत. घरातील हिंसा चार भिंतींआड घडते आणि तान्हे मूल साक्ष देऊ शकत नाही. त्यामुळे घटनेचा एखादा तुकडाच प्रत्येकाच्या हाती लागतो : रुग्णालयात मोडलेले हाड दिसते, शाळेत गप्प झालेले मूल, तर पोलीस ठाण्यात आईची तक्रार. हे तुकडे एकत्र जुळवणे हा या परिषदांचा मूळ हेतू आहे.

इतिहास

१९४६ साली न्यूयॉर्कमधील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा अर्भकांची माहिती प्रसिद्ध केली. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या या मुलांच्या हातापायांची मिळून २३ हाडे मोडलेली होती. परंतु ती कशी मोडली, याचे समाधानकारक कारण सापडत नव्हते. कॅफींनी आईवडिलांवर उघड ठपका ठेवला नाही. पुढील पंधरा वर्षे हा विषय बहुतांशी क्ष-किरणतज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिला.

त्याला वाचा फुटली ती एका परिषदेत. कोलोरॅडो विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्पे यांनी १९६१ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीच्या शिकागो येथील अधिवेशनात या विषयावर स्वतंत्र चर्चासत्र घडवून आणले. (देवी रोगावरील संशोधनानिमित्त केम्पे यांनी मद्रास येथेही काम केले होते.) सत्राला त्यांनी ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’, म्हणजे मारहाण झालेल्या बालकातील लक्षणसमूह, असे नाव दिले. नाव मुद्दामच धक्कादायक निवडलेले होते. सौम्य शब्द वापरला असता, तर सभागृह भरले असते की नाही याची शंकाच आहे.

१९६२ साली याच नावाने केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ७१ रुग्णालयांनी एका वर्षातील ३०२ घटना कळवल्या होत्या. त्यांपैकी ३३ मुले दगावली आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली. आईवडील असे करतील यावर अनेक डॉक्टरांचा विश्वासच बसत नाही, असेही त्यात नमूद होते. आकड्यांपेक्षा हे निरीक्षण अधिक महत्त्वाचे म्हटले पाहिजे. १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी संशयित घटना कळवणे बंधनकारक करणारे कायदे केले.

पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७६ मध्ये जिनिव्हा येथे भरली. पाठोपाठ १९७७ मध्ये ‘इस्पकॅन’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झाले.

मर्यादा

‘सिंड्रोम’ या शब्दाने प्रश्नाला वैद्यकीय वळण लागले. आजारी मनाचा पालक आणि त्याचा बळी ठरलेले मूल एवढेच चित्र ठळक झाले. दारिद्र्य आणि त्याच घरात मार खाणारी आई मागे पडली. पत्नीला होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न १९७०च्या दशकात स्त्री चळवळीने पुढे आणला. मात्र दोन्ही क्षेत्रांतील जाणकार दीर्घकाळ वेगवेगळ्या व्यासपीठांवरच बोलत राहिले. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने हे अंतर काही अंशी कमी केले, कारण त्यानुसार संरक्षण मागणाऱ्या स्त्रीला न्यायालय मुलांचा तात्पुरता ताबाही देऊ शकते.

भारत

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक अत्याचार सोसावा लागला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये इस्पकॅनची आशिया-प्रशांत विभागीय परिषद नवी दिल्ली येथे भरली आणि तिने ‘दिल्ली जाहीरनामा’ स्वीकारला. पुढच्याच वर्षी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा झाला. त्याचे श्रेय एकट्या परिषदेला देणे मात्र योग्य होणार नाही. या कायद्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ठाऊक असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन लैंगिक अपराधांपुरतेच असून, घरातील साध्या मारहाणीला ते लागू होत नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यातून बालकांना वगळले आहे.